रातपाळीची झोप आणि गिटारचा खोका

या खेपेला पत्र आलं आहे मोशीच्या एका ताईंचं. पत्र लांबलचक आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा सांगते. त्यांच्या मुलाने दहावीनंतर हट्ट करून इलेक्ट्रिक गिटार घेतली. गिटारबरोबर ‘मॉडेलिंग अ‍ॅम्प’ नावाचा एक खोकाही घरात आला. दुकानात वाजवून पाहिला तेव्हा आवाज कसा भरदार वाटला होता! घरी आणून लावला, तर तोच आवाज कोंदट. लहान ठेवावा तर डबड्यातून आल्यासारखा, मोठा करावा तर शेजारीपाजारी दारात. मुलगा म्हणतो, हा लहान पडतो, याहून मोठा घ्यायला हवा. वडील म्हणतात, आहे तोच विकून टाक. आणि ताई विचारतात, ‘या विषयातलं मला काही कळत नाही, पण घरात रोज कुरबूर चालते. तुम्हाला काही सुचतंय का?’

सुचतंय तर! हे सगळं नाटक गेल्या वर्षी आमच्याच घरी होऊन गेलं आहे. ताई, मोठा अ‍ॅम्प घेऊ नका, आणि आहे तो विकूही नका. आधी हे वाचा.

आमचं घर निगडी प्राधिकरणात, दुसऱ्या मजल्यावर. खाली राहणारे भाऊजी चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला आहेत. आपल्या भागात माणसाची ओळख सांगताना आडनावाच्या आधी शिफ्ट सांगायची पद्धत आहे, नाही का? तसे भाऊजी एक आठवडा फर्स्ट, एक आठवडा सेकंड, एक आठवडा नाइट. नाइट असली की सकाळी कंपनीची बस सोडते, आंघोळ-नाश्ता होऊन साडेआठ-नऊला आडवे होतात, ते दुपारी तीनपर्यंत. नेमके त्याच वेळात आमचे धाकटे चिरंजीव सुट्टी म्हणून गिटार घेऊन बसत.

एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला बेल वाजली. माझे हात कणकेचे. दार उघडलं तर भाऊजी उभे, डोळे लालभडक. आवाज चढवला नाही, काही नाही. एवढंच म्हणाले, “वहिनी, तीन दिवस झाले, झोप नाही. काल रात्री प्रेसवर उभ्या उभ्या डुलकी लागली.” आणि खाली निघून गेले.

खरं सांगू? भांडले असते तर बरं वाटलं असतं. प्रेसवर डुलकी लागणं म्हणजे काय, ते पिंपरी-चिंचवडच्या बाईला समजावून सांगायला नको. बोटं गेलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिलेली आहेत. माझ्या पोटात गोळाच आला.

चिरंजीवांना विचारलं, तर त्यांचं म्हणणं, “आई, मी तर दहापैकी दोनवर ठेवला होता!” आणि ते खोटं नव्हतं. मलाही स्वयंपाकघरात फारसा आवाज येत नव्हता. मग खाली एवढं काय जातंय? दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी त्याला म्हटलं, काल वाजवत होतास तेच, तेवढ्याच आवाजात वाजव. आणि मी खाली वहिनींकडे जाऊन त्यांच्या झोपायच्या खोलीत बसले.

मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात मूल एखादं वाद्य वाजवतं, त्या प्रत्येकीने एकदा हे करून पाहावं. चहाच्या निमित्ताने खालच्या घरात जाऊन ऐकावं. मला तिथे गिटार ऐकूच आली नाही. सूर नाही, चाल नाही. नुसतं धुम्म... धुम्म... जणू वरच्या मजल्यावर कुणी खलबत्त्यात दाणे कुटतंय. ते कानाने ऐकू येण्यापेक्षा पलंगाच्या पायातून अंगात जास्त येत होतं. असल्या आवाजात झोप कशी लागणार?

वर आले आणि मुलाच्या खोलीत मुद्दाम दोन मिनिटं उभी राहिले. तिथेही तोच घुमारा सगळ्या सुरांवर पसरलेला! त्याला आवाज कोंदट वाटत होता तो ज्याच्यामुळे, त्याच्याचमुळे खाली भाऊजींची झोप मोडत होती. हे लक्षात आलं आणि अर्धं काम झालं. खालच्या पट्टीचा तो घुमारा काढला की गिटारही सुधारणार होती आणि शेजारही.

आता हा खोका आहे तरी काय, ते थोडक्यात सांगते. नाहीतर मुलं आपल्याला ‘तुला नाही कळणार’ म्हणून गप्प बसवतात. ज्यांच्या माहेरी व्हॉल्व्हचा जुना रेडिओ होता त्यांना आठवत असेल, बटण फिरवलं तरी लगेच बोलायचा नाही. आतले व्हॉल्व्ह तापायचे, मग आवाज यायचा, पण कसा ऊबदार! गिटारचे जुने नामांकित अ‍ॅम्प, अमेरिकेतले फेंडर काय किंवा इंग्लंडमधले व्हॉक्स आणि मार्शल काय, असल्याच व्हॉल्व्हवर चालत. त्या अ‍ॅम्पना जोर देऊन आवाज चढवला की तो किंचित फाटतो, आणि त्या फाटण्यातच वाजवणाऱ्यांना गोडवा सापडला. पण तो गोडवा मिळवायचा तर अ‍ॅम्प पुऱ्या ताकदीने सोडायचा. ते नाट्यगृहात ठीक, दोन खोल्यांच्या घरात कसं जमायचं?

म्हणून ही मॉडेलिंगची युक्ती निघाली. लाइन सिक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने १९९६ मध्ये असा पहिला अ‍ॅम्प बाजारात आणला. आत व्हॉल्व्ह नाहीत. संगणकाची चिप आहे, आणि ती वेगवेगळ्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पची हुबेहूब नक्कल करते. आज बॉसचा कटाना, फेंडरचा मस्टँग, यामाहाचा टीएचआर असे कितीतरी मिळतात, आणि शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या घरी यातलाच एखादा असतो. आपण गाणाऱ्या घरांतून इलेक्ट्रॉनिक तानपुरा पाहतो ना, तसंच हे. मूळ वाद्याची सर नाही असं जुनी माणसं म्हणतात, पण सोय मोठी.

गंमत अशी की हा खोका हळू आवाजात चांगलं वाजावं म्हणूनच जन्माला आला, आणि आपल्या घरी हळू आवाजातच तो वाईट वाजतो. याचं एक कारण आपल्याच कानात आहे. आवाज हळू झाला की माणसाच्या कानाला खालच्या पट्टीचे सूर इतर सुरांपेक्षा कमी ऐकू येतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवलं आहे. कारखान्यातून जे आवाज आत भरून येतात ते ऐकायला लावणारे, म्हणजे दुकानात गिऱ्हाईक थांबावं असे. तेच घरी हळू लावले की पोकळ वाटतात. मग मुलगा काय करतो? बासचं बटण वाढवतो. त्यातून खोका ठेवलेला कोपऱ्यात, फरशीवर. कोपऱ्यातल्या दोन्ही भिंती आणि जमीन मिळून खालचे सूर आणखी फुगवतात, आणि ते स्लॅबमधून सरळ खालच्या घरात उतरतात.

मोठ्या अ‍ॅम्पचंही इथेच सांगून टाकते. वॅट दहापट केले तेव्हा कुठे आवाज कानाला साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे पन्नास वॅटचा अ‍ॅम्प पाच वॅटच्या अ‍ॅम्पहून दुपटीनेच मोठा वाटेल, पैसे मात्र कितीतरी जास्त पडतील. गिटारचे बरेचसे स्पीकर एका वॅटमध्येच हातभर अंतरावर नव्वद डेसिबलच्या पुढे जातात. आपल्या सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत २००० सालचे. त्यात राहत्या वस्तीसाठी दिवसा पंचावन्न आणि रात्री दहा ते सकाळी सहा पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा घालून दिली आहे. ताई, तुमच्या मुलाला हे आकडे दाखवा, मग ‘मोठा घ्यायचा’ हा विषय आपोआप मागे पडेल. त्यांच्या अ‍ॅम्पला मागे किंवा वर ताकद कमी करायचं बटण असतं का तेही पाहायला सांगा. कटानासारख्या अ‍ॅम्पला असतं, अगदी अर्ध्या वॅटपर्यंत खाली येतं. आमच्या चिरंजीवांना सहा महिने त्याचा पत्ताच नव्हता!

आता प्रत्यक्ष केलं काय ते.

खोका आधी कोपऱ्यातून बाहेर काढला. भिंतीपासून दोन-अडीच हात पुढे. मग जमिनीवरून उचलून स्टुलावर ठेवला, आणि पुढच्या बाजूखाली लाकडाची एक पट्टी सारून तोंड जरा वर केलं, वाजवायला बसल्यावर थेट कानाकडे येईल असं. स्पीकरमधून वरच्या पट्टीचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ समोर जातात. खोका जमिनीवर आणि मुलगा पलंगावर असेल तर तो झोत जातो त्याच्या पोटऱ्यांवर, कानाला मिळतो नुसता घुमारा. मग आवाज स्पष्ट येत नाही म्हणून तो वाढवतो. खोका कानाच्या उंचीला आला, चार हातांवर आला, तर निम्म्या आवाजात भागतं. विश्वास बसणार नाही, पण एवढ्याने आमच्याकडे आवाज ओळखू येईना, इतका मोकळा झाला. पैसा लागला नाही.

पण खाली धुम्म धुम्म थोडं शिल्लक होतंच. स्टुलाचे पाय फरशीवर टेकलेले, त्यातून ते जात होतं. माझ्या डोक्यात आलं जुनं कांबळं घालावं. तेवढ्यात भाऊजींची फर्स्ट शिफ्ट लागली आणि संध्याकाळी वहिनी त्यांना घेऊन वर आल्या. मी मनातून घाबरलेली. भाऊजी मात्र खोक्याजवळ उकिडवे बसले, एक हात स्टुलाच्या पायावर आणि दुसरा फरशीवर ठेवला, मुलाला म्हणाले, “वाजव रे जरा.” दोन मिनिटं तसेच बसून होते. मग म्हणाले, “हे आमच्या कॉम्प्रेसरसारखंच आहे. मशीन नुसतं फरशीवर बसवत नाहीत, खाली रबराचे पॅड देतात. नाहीतर शेजारच्या मशीनचं माप चुकतं.”

मुलगा म्हणाला, “काका, मग रबर आणू का भोसरीतून?”

“तसलं नको. ते टनाच्या मशीनसाठी असतं, घट्ट. वजनाने थोडं दबलं तरच ते काम करतं. तुझा खोका दहा-अकरा किलोचा, त्याच्याखाली ते दगडासारखं राहील. याला मऊ पाहिजे.”

बघा, वर्षानुवर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला जे एका हाताच्या स्पर्शात कळलं, ते आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. आमच्याकडे योगासनांची एक फाटकी चटई होती, त्या फोमच्या मऊ चटईचे चार तुकडे दुहेरी करून स्टुलाच्या पायांखाली घातले आणि एक सपाट तुकडा खोक्याखाली. भाऊजी खाली जाऊन पलंगावर आडवे होऊन ऐकून आले. म्हणाले, “आता पंख्याच्या आवाजात जिरतंय.”

त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, स्टुलाला टेकून ठेवलेलं लोखंडी कपाटही मधूनच झणझणायचं. शोकेसच्या काचा, मांडणीवरची स्टीलची ताटं, कपाटावरची रिकामी बॅग, हे सगळे आपले चोरून साथ करत असतात. मुलाला एकेक सूर सावकाश वाजवायला सांगा आणि तुम्ही खोलीत फिरून हात लावून पाहा, कोण थरथरतंय ते सापडतं. काचेला कागदाची घडी, ताटांखाली फडकं, झालं.

इथे एक इशारा. आमच्याकडे कुणीतरी सुचवलं की भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवा, आवाज बाहेर जात नाही. सासूबाईंनी अंड्याचं नाव काढताच प्रकरण मिटलं ते बरंच झालं, कारण त्याचा उपयोगही नसतो. आवाज अडवतं ते वजन. जाड भिंत अडवते, बंद दार अडवतं, दाराच्या खालची फट कापडाच्या गुंडाळीने बुजवली तर बराच फरक पडतो. पुठ्ठा काय अडवणार? गोधडी भिंतीवर टांगली किंवा कपड्यांचं कपाट उघडं ठेवलं तर खोलीतला चरचरीत पडसाद कमी होतो आणि गिटार ऐकायला गोड लागते. पण शेजारच्या घरात जाणारा आवाज त्याने थांबत नाही. या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारात ‘साउंडप्रूफ’ म्हणून विकले जाणारे पातळ स्पंजचे चौकोनही पहिल्याच कामाचे.

आता बटणं. इथे श्रेय सासूबाईंचं. सासूबाई मिरजेच्या. लग्नाआधी गाणं शिकलेल्या, त्यांचा तानपुरा अजून खोळीत घालून उभा आहे. मिरजेच्या शिकलगारांच्या हातचा. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा त्यांनी सगळ्या इमारतीत पेढे वाटले होते.) नातवाचा खोका त्यांना आधी आवडायचा नाही. पण एक दिवस दारात उभ्या राहून म्हणाल्या, “अरे, याची जवारी लागलेली नाही. म्हणून हा असा बोंबलतो.”

जवारी म्हणजे तानपुऱ्याच्या घोडीवर तार जिथे टेकते ती जागा किंचित उतरती घासलेली असते, तार तिला जेमतेम शिवते. मग तारेखाली दोऱ्याचा तुकडा घालून तो केसभर पुढेमागे करायचा. एका ठिकाणी तार अचानक मोकळी होऊन झंकारते. केसभर इकडे मुकी, केसभर तिकडे कर्कश. सासूबाईंचं म्हणणं, याही खोक्यात अशी एक जागा असणारच, तू सगळी बटणं एकदम फिरवतोस म्हणून ती सापडत नाही.

मग दोघं बसले. सासूबाईंच्या सांगण्यावरून त्याने आधी सगळे परिणाम बंद केले. घुमवणारा रिव्हर्ब बंद, पुन्हा पुन्हा उमटणारा डिले बंद, सगळं बंद. अ‍ॅम्पचा सर्वांत साधा, स्वच्छ नमुना घेतला आणि सगळी बटणं बरोबर मध्यावर. मुलगा तोंड वाकडं करून म्हणाला, “किती भिकार वाटतंय, आजी!”

“भिकार नाही, कोरा आहे. तुझी बोटं कुठे चुकतात ते ऐकू येतंय म्हणून तुला आवडत नाही.”

याच क्रमाने आता तो दर वेळी जातो. आधी गेन, म्हणजे आवाज फाडायचं बटण. ते मुलं वाटेल तेवढं चढवतात, त्याने चुका झाकतात आणि सूर भुग्यासारखा होतो. ते शून्यापासून चढवत न्यावं आणि हवं तिथे पोचलं की थोडं मागे यावं. मग बास, खोका जागेवरून हलवल्यावर ते मध्याच्या खालीच पुरतं. मधल्या पट्टीचं ‘मिडल’ बटण मुलं हटकून खाली आणतात, एकट्याने वाजवताना ते भारी वाटतं म्हणे, पण गिटारचा खरा गळा मधल्या पट्टीतच आहे. चार जणांत वाजवायला बसलं की असा आवाज दिसेनासा होतो. आमच्याकडे ते मध्याच्या किंचित वर आहे. ट्रेबल सगळ्यात शेवटी, कान टोचायला लागायच्या आधी थांबायचं. आणि रिव्हर्ब हिंगाएवढा. बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटावं, चालू असताना लक्षात येऊ नये.

एकेक बटणच हलवायचं, दोन एकदम नाही. आणि जमलेली जागा वहीत लिहून ठेवायची. अशा अ‍ॅम्पमध्ये ती आत साठवूनही ठेवता येते. आमच्याकडे एक साठवण ‘घर’ नावाची आहे आणि एक ‘क्लास’ नावाची. क्लासमध्ये आवाज मोठा असतो, तिथे घरची बटणं चालत नाहीत, आणि तिथली घरी नाहीत. हे न कळल्यामुळेच दुकानातला आवाज घरी सापडत नाही, ताई.

बटणांना हात लावायच्या आधी तारा मात्र बघा. पावसाळ्यात आपल्याकडे तारा महिन्याभरात गंजतात, त्यात घामाची बोटं. काळवंडलेल्या तारांतून कितीही बटणं फिरवली तरी चकाकी येत नाही. वाजवून झालं की जुन्या सुती साडीच्या तुकड्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसायची सवय लावा, दुप्पट दिवस टिकतात. गिटारपासून अ‍ॅम्पपर्यंतची वायर विनाकारण लांब नको, फार लांब वायरीत वरचे सूर मंदावतात. घरात तीन मीटर भरपूर झाली.

आता ती गुणगुण. वाजवत नसतानाही खोक्यातून ‘उंऽऽ’ असा आवाज येतो, त्याची तक्रार बरीच मुलं करतात. गिटार हातात धरून जागच्या जागी हळूहळू वळून बघायला सांगा. एका दिशेला गुणगुण कमी झाली तर ती विजेच्या उपकरणातून गिटार उचलते आहे. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्तातला एलईडी दिवा, मोबाइलचा चार्जर, इन्व्हर्टर, एकेक बंद करून चोर शोधा. आमच्याकडे रेग्युलेटर निघाला, पंखा पूर्ण वेगावर ठेवला की गुणगुण नाहीशी. वीज गेली आणि इन्व्हर्टरवर घर असेल तर ती वाढते, तेव्हा वाजवूच नये.

पण एक गोष्ट कुणी सांगितली तरी करू नका. अ‍ॅम्पच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची जाड पिन काढून टाकली की गुणगुण थांबते, असा सल्ला देणारे महाभाग भेटतात. गिटारच्या तारा धातूच्या आणि मुलाच्या हातात असतात. आत काही बिघाड झाला तर ती पिन नसताना घरातली दोनशे तीस व्होल्टची वीज त्याच तारांवर येऊ शकते. उलट, जुन्या इमारतीत राहत असाल तर त्या खोलीच्या सॉकेटला खरोखर अर्थिंग आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या. आमच्या सॉकेटला नुसतं तिसरं भोक होतं, आत वायरच नव्हती! ते जोडून घेतल्यावर निम्मी गुणगुण तिथेच गेली.

राहता राहिला हेडफोन. सगळ्यांना वाटतं हा रामबाण उपाय, लाव आणि बस. आम्हीही रातपाळीच्या आठवड्यात तोच वापरतो. मात्र वायरचा घ्यावा. ब्लूटूथमधून आवाज पोचायला क्षणभर उशीर होतो, तार छेडली की सूर मागाहून येतो आणि मुलाचा ताल बिघडतो. आणि हेडफोनमध्ये आवाज किती मोठा आहे ते घरच्यांना कळत नाही, ही खरी भीती. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ऐंशी डेसिबल आवाज आठवड्याला चाळीस तास एवढीच सुरक्षित मर्यादा सांगते, मुलांसाठी पंचाहत्तर. मी त्याला दाराशी उभं राहून साध्या आवाजात हाक मारते. ऐकू आली तर ठीक, नाही आली तर आवाज कमी. भाऊजींना प्रेस शॉपच्या वर्षांनी डाव्या कानाने कमी ऐकू येतं. हे त्यांनी स्वतः त्याला सांगितलं, त्याचा माझ्या ओरडण्यापेक्षा जास्त उपयोग झाला.

आता आमच्या फ्रिजवर भाऊजींच्या शिफ्टचा कागद लावलेला असतो. दर आठवड्याला वहिनी पाठवतात. नाइटच्या आठवड्यात दुपारी तीनपर्यंत हेडफोन, सेकंड असली की सकाळी दहानंतर खोका चालतो, गुरुवारी भाऊजींना सुट्टी म्हणून दुपारची झोप झाल्यावर. कागद लावल्यापासून दोनदाच चूक झाली, दोन्ही वेळा मुलगा स्वतः खाली जाऊन ‘काका, चुकलो’ म्हणून आला. ह्यांचं म्हणणं, एवढ्या शिस्तीने तो अभ्यासाचा कागद पाळत नाही. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

मोशीच्या ताई, तुमच्या पत्रात मजला लिहिलेला नाही. तळमजल्यावर राहत असाल तर मऊ चटईची घाई नको, पण खोका शेजारच्या घराच्या सामाईक भिंतीला टेकवून ठेवला असेल तर तो आज संध्याकाळीच हलवा. आणि खालच्या नाहीतर शेजारच्या बाईंकडे एकदा चहाला जाऊन या, मुलाला वाजवत ठेवून.

पुढच्या अंकात, पावसाळ्यात गाद्या-उशांना येणारा कुबट वास. त्याबद्दल एकूण सतरा पत्रं आली आहेत.